किमोचं 'जहर' उलटीतून निघत नाही

आमच्या अमळनेरच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर तो निरोप परत आलाय: किमो घेतलेल्या लेकराला उलट्या होऊ द्या, विष बाहेर पडतं, जितक्या उलट्या तितका गुण, उलटीची गोळी दिली की विष आत कोंडतं, आलं-लिंबाचा रस पुरे. खाली अंगठ्यांची रांग. भाचीच्या हाडाच्या कॅन्सरपायी मुंबईच्या वाऱ्या केल्यात, म्हणून बोलतो.

बहुतेक किमो शिरेतून जाते. पोटात नसलेलं औषध उलटीतून पडणार कसं? औषधामुळे आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, नसेवाटे मेंदूला सांगावा जातो, उलटी होते. भाची शेवटी नुसतं पिवळं पाणी काढायची आणि आई तिची पाठ चोळत म्हणायची, "जहर निंघी ऱ्हायनं, निंघू दे." निघत होतं अंगातलं पाणी. तिचं किमोचं औषध, सिस्प्लॅटिन, बाहेर जातं ते लघवीवाटे. बाटलीवर बाटली सलाईन त्यासाठीच. उलट्यांनी पाणी आटलं की मार मूत्रपिंडांना बसतो. निरोप नेमकं उलटं सांगतो.

उलट्यांवरून गुण मोजायचा, तर व्हिनक्रिस्टिन या किमोच्या औषधाने फारशा होतच नाहीत. तरी रक्ताच्या कॅन्सरमध्ये मुलांना ते देतातच.

गोळीने काही कोंडत नाही. ऑनडॅन्सेट्रॉन हे उलटीचं औषध मेंदूला जाणारा तो सांगावा अडवतं, कॅन्सरच्या औषधाला हात लावत नाही. शौचाला घट्ट होतं, कधी डोकं दुखतं, हे खरं. पण ते किमोआधीच द्यायचं असतं. आणि सिस्प्लॅटिनच्या उलट्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येतात, त्यामुळे 'आता बरी दिसते' म्हणून घरी घ्यायला दिलेल्या उलटीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आम्ही एकदा केल्या होत्या.

आल्याचं मात्र सगळंच खोटं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये हाडाच्या कॅन्सरच्या मुलांना सुंठेची पूड देऊन पाहिली, त्रास कमी झाला. पण ती उलटीच्या औषधांच्या जोडीला होती, त्यांच्याऐवजी नाही. लिंबाचं म्हणाल तर तोंड आलेल्या लेकराला पाजून बघा, घर डोक्यावर घेईल.

पहिल्या फेरीतच उलट्या आवरल्या नाहीत, तर पुढे सुई टोचायच्या आधीच सुरू होऊ शकतात. भाचीला दादर स्टेशन आलं की उमासे यायचे. नाटक करते म्हणणारे घरातच होते. एकदा ताईने मायेने किमोच्या दिवशी डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी दिली, पोरीचं सगळ्यात आवडतं. उपचार संपून वर्ष झालं. अजून गल्लीत कुठे वांगी भाजली, की ती नाकाला ओढणी लावून आतल्या खोलीत जाते.