‘वायफाय आपोआप कनेक्ट होत नाही म्हणजे कार्ड गेलं’ या मेसेजला उत्तर

साताऱ्यातल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. लॅपटॉप चालू केल्यावर घरचं वायफाय आपोआप कनेक्ट होत नसेल, दर वेळी आपल्यालाच जाऊन ‘कनेक्ट’ दाबावं लागत असेल, तर काय करायचं याचे सहा सल्ले त्यात आहेत. लॅपटॉपचं वायफाय कार्ड गेलंय, बदलून घ्या. नाहीतर विंडोज फॉरमॅट करा. विंडोज १० बंद पडल्यामुळे हे होतंय, नवा लॅपटॉप घ्या. राऊटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट करा. डीएनएस बदला. आणि काहीच जमलं नाही तर वायफायचा पासवर्डच काढून टाका. शेवटी अर्थातच ‘सर्वांना पाठवा’.

यातला एकही सल्ला या दुखण्यावरचा पहिला उपाय नाही आणि काही तर सरळसरळ नुकसान करणारे आहेत. मेसेज वाचून लोक खरंच दुकानात जातात, पैसे मोजतात, फायली घालवून बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, कार्ड गेल्याचा. मेसेजमधला युक्तिवाद असा, की फोन लगेच कनेक्ट होतो आणि लॅपटॉप होत नाही, म्हणजे दोष लॅपटॉपच्या कार्डात. ऐकायला पटतं. पण तुम्ही हाताने ‘कनेक्ट’ दाबल्यावर लॅपटॉप जोडला जातो ना? मग त्या कार्डाने राऊटरचा सिग्नल पकडला, पासवर्डची पडताळणी पार पाडली, राऊटरकडून आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आपला क्रमांक, घेतला आणि तुमचं यूट्यूब सुरू झालं. एवढं सगळं करणारं कार्ड ‘गेलेलं’ नसतं. कार्ड खरोखर बिघडतं तेव्हा लक्षणं वेगळी असतात. टास्कबारवरून वायफायचं चिन्हच गायब होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपचे सगळे भाग दाखवणाऱ्या विंडोजच्या पानावर, नेटवर्क ॲडॉप्टर्सच्या यादीत त्याचं नाव सापडत नाही, किंवा नावापुढे पिवळा त्रिकोण आणि आत ‘कोड १०’ दिसतो. राऊटरशेजारी बसूनही सिग्नलची एकच रेघ दिसत असेल तर आतली अँटेनाची वायर निसटली असण्याची शक्यता असते, विशेषतः लॅपटॉप नुकताच उघडून दुरुस्त केला असेल तर. यातलं काही दिसलं तर जरूर दुकानात जा.

बाकीच्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारायचा, जो मेसेजमध्ये कुठेच नाही: आपोआप कनेक्ट होत नाही ते नेमकं कधी? रोज, प्रत्येक वेळी? की झाकण लावून पुन्हा उघडल्यावर? रात्री बंद करून सकाळी चालू केल्यावर? की लाइट जाऊन आल्यावर? या प्रत्येकाचं कारण निराळं आहे, आणि उत्तर बहुतेकदा सेटिंगमध्ये सापडतं.

रोजच अडत असेल तर आधी त्या नेटवर्कची आपोआप जोडण्याची खूण बघा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’. तिथे घरच्या वायफायवर क्लिक केलं की ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज’ अशी चौकट दिसते. ती रिकामी असेल तर शोध संपला. मॅकबुकवरही प्रत्येक नेटवर्कसाठी अशीच वेगळी सोय आहे. ही खूण निघते कशी? पुष्कळदा आपल्याच हाताने. ब्रॉडबँड अडकलं, ऑनलाइन मीटिंग चालू आहे, म्हणून आपण घाईत घरच्या वायफायवर ‘डिस्कनेक्ट’ दाबतो आणि मोबाईलचा हॉटस्पॉट घेतो. विंडोज हा तुमचा निर्णय मानतं आणि निदान तुम्ही लॉग-इन असेपर्यंत त्या नेटवर्कला स्वतःहून हात लावत नाही. जुन्या आवृत्त्यांत तर आपोआप जोडण्याची खूणच काढून टाकली जायची.

हॉटस्पॉटचा आणखी एक त्रास आहे. एकदा हॉटस्पॉटवर बसलेला लॅपटॉप घरचं वायफाय परत आलं तरी सहसा तो सोडत नाही. एक जोडणी चालू असताना ती तोडून दुसरीकडे जायचं त्याला कारणच नसतं. म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटची आपोआप जोडण्याची खूण काढून ठेवा आणि घरच्या वायफायची लावून ठेवा. लॅनची वायर लावलेली असेल तर विंडोज वायफाय आपोआप जोडत नाही, तेही एकदा बघून घ्या.

झाकण लावून उघडल्यावरच अडत असेल तर वीज वाचवण्याच्या सेटिंगकडे वळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय ॲडॉप्टरवर, म्हणजे त्या कार्डाच्या नावावर, दोनदा क्लिक करा, ‘पॉवर मॅनेजमेंट’ हे पान उघडा आणि ‘अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर’ ही खूण काढा. लॅपटॉप झोपताना विंडोज कार्डाची वीज तोडतं आणि काही ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर, जागं होताना नीट सावरत नाहीत. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये हे पान दिसतच नाही, कारण त्यांची झोपण्याची पद्धत वेगळी आहे. तिथे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून वायफायचा ताजा ड्रायव्हर घालणं हाच सरळ मार्ग.

सकाळी चालू केल्यावर अडतं, पण रिस्टार्ट केलं की ठीक होतं? हे लक्षण फार उपयोगी आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. तेव्हापासून ते चालू असलेल्या लॅपटॉपवर ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलं नाही. विंडोजचा गाभा, ड्रायव्हर जसे होते तसे, डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे चालवला जातो. रात्री ड्रायव्हर गोंधळलेला असेल तर तो गोंधळही जसाच्या तसा परत येतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ बंद करा. चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, एवढंच.

आता लाइट जाण्याचं. पावसाळ्यात यवतेश्वर-कासच्या बाजूने वारं सुटलं की गावात लाइट किती वेळा जाते-येते हे साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राऊटर बंद पडतो. लाइट आली की राऊटर लगेच तयार नसतो, त्याला उठायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं, आणि प्रत्येक पट्ट्यात चॅनल नावाच्या मार्गिका असतात. त्यातून राऊटर ५ गिगाहर्ट्झमधल्या, रडारही वापरतात अशा चॅनलवर असेल, तर सिग्नल सोडण्याआधी निदान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं, की इथे कुठलं रडार चालू आहे का. तोवर फोन मोबाईल डेटावर चालत असतो म्हणून आपल्याला काही जाणवत नाही, आणि लॅपटॉप मात्र ‘बिघडलेला’ ठरतो. आणखी एक गोष्ट होते: चॅनल ‘ऑटो’वर असेल तर राऊटर दर वेळी उठल्यावर नवा चॅनल निवडू शकतो. २.४ गिगाहर्ट्झमधले १२ आणि १३ हे चॅनल आपल्याकडे चालतात, पण अमेरिकन बाजाराच्या हिशेबाने बसवलेल्या काही लॅपटॉपना ते दिसतच नाहीत. अशा वेळी यादीत घरच्या वायफायचं नावच नसतं, दाबायला ‘कनेक्ट’ तरी कुठून येणार? राऊटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन २.४ साठी १, ६ किंवा ११ आणि ५ साठी ३६ ते ४८ मधला चॅनल पक्का करा. राऊटरला छोटा यूपीएस लावलात तर हा सगळा प्रकारच टळतो. फक्त राऊटरच्या विजेच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर बघून घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लावा.

पेठांमधल्या जुन्या घरांत, जिथे दगडी भिंती हात-हातभर जाड आहेत, तिथे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल माजघरापर्यंत पोचतच नाही. राऊटरने दोन नावांची दोन नेटवर्कं दिली असतील आणि लॅपटॉपला त्यातलं ५ चंच माहीत असेल, तर तो आतल्या खोलीत गप्प बसणारच. दोन्ही नेटवर्कं एकेकदा जोडून ठेवा.

दुसरा सल्ला फॉरमॅटचा, आणि माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर आहे. फॉरमॅट केल्यावर वायफाय आपोआप जोडलं जायला लागतं, हे अनेकांना अनुभवाने माहीत आहे, म्हणून तो खरा वाटतो. पण सुधारतं कशामुळे? बहुतेकदा त्या नेटवर्कची जुनी, बिघडलेली नोंद पुसली जाते आणि नवी तयार होते म्हणून. तेच काम ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’मध्ये ‘फर्गेट’ दाबून, पासवर्ड पुन्हा टाकून मिनिटभरात होतं. तेवढ्याने भागलं नाही तर ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क रिसेट’ आहे. त्याने साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, ऑफिसचं व्हीपीएन पुन्हा घालावं लागू शकतं, पण तुमच्या फायलींना धक्का लागत नाही. फॉरमॅटमध्ये काय जातं याची यादी दुकानदार करत नाही: डेस्कटॉपवर ठेवलेला टॅलीचा डेटा, श्रीलिपीत टाइप केलेली कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो. वायफायच्या एका खुणेसाठी हे पणाला लावायचं?

कधी कधी दोष विंडोजच्या अपडेटचाच असतो, हे मान्य. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही लॅपटॉपचं वायफाय अडलं होतं, मुख्यतः कॉलेजं आणि कंपन्यांच्या नेटवर्कवर. मायक्रोसॉफ्टने तो बदल मागे घेतला. म्हणजे तिथेही फॉरमॅट हे उत्तर नव्हतं. एखाद्या अपडेटनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरून ड्रायव्हरची आधीची आवृत्ती परत आणून बघा. आणि ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर घालू नका, ती सोबत नको ते बरंच काही आणतात.

दुकानात जायच्या आधी एक काम करता येतं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘netsh wlan show wlanreport’ असे चार शब्द टाइप करून एंटर दाबा. मागच्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं, विंडोजच्या मते का तुटलं, याचा अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला तेही दिसतं. ब्राउझरमध्ये उघडून दुरुस्तीवाल्याला दाखवा. ‘कार्ड गेलंय’ असं तो म्हणाला तर अहवालात कुठे दिसतंय, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तिसरा मुद्दा, विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टचा त्याला असलेला पाठिंबा संपला, हे खरं. त्याचा अर्थ नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. त्यामुळे पुढेमागे विंडोज ११ वर जायला हवंच. पण त्या तारखेने कुणाचंही वायफाय बंद केलेलं नाही.

चौथा, टाचणीचा. हा करू नका. राऊटर बंद करून चालू करणं वेगळं आणि ते भोक दाबणं वेगळं. भोक दाबून धरलं की राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. अनेक फायबर जोडण्यांत तुमच्या कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड त्या राऊटरमध्येच भरलेलं असतं. तेही जातं. मग लॅपटॉपचं सोडाच, अख्ख्या घराचं इंटरनेट बंद, आणि कंपनीचा माणूस येऊन पुन्हा भरेपर्यंत बसून राहायचं. शनिवारी संध्याकाळी हे केलंत तर सोमवार उजाडतो.

पाचवा, डीएनएस. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायचं काम डीएनएसचं, आणि ते वायफाय जोडून झाल्यानंतर सुरू होतं. जोडलंच गेलेलं नसताना ते बदलून काही होत नाही. वायफाय जोडलेलं दिसतं पण साइट उघडत नाहीत, अशी तक्रार असेल तेव्हा त्याचा विचार करा.

सहावा सल्ला सगळ्यात घातक. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना गेलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. ई-मेल त्याने पाठवलेला नव्हता, त्याच्या वायफायचा गैरवापर झाला होता. पण चौकशीला तोंड त्याला द्यावं लागलं. पासवर्ड नसलेल्या वायफायवरून कुणी काय केलं, याचा माग तुमच्या नावाच्या जोडणीपर्यंतच येतो.

शिवाय पासवर्ड काढल्याने आपोआप जोडण्याची अडचण सुटेलच असं नाही, कारण ती खूण, ती झोप, तो चॅनल, सगळं तसंच राहतं. जुना लॅपटॉप पासवर्डाच्या टप्प्यावरच अडत असेल तर राऊटर फक्त डब्ल्यूपीए३ या सुरक्षा पद्धतीवर ठेवलाय का ते बघा. २०१८ मध्ये जाहीर झालेली ही पद्धत जुन्या कार्डांना झेपत नाही. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील असा पर्याय बऱ्याच राऊटरमध्ये असतो, तो निवडा. पाहुण्यांना पासवर्ड सांगायचा नसेल तर त्यासाठी गेस्ट नेटवर्क आहे, आणि त्यालाही पासवर्ड ठेवाच.