वाडीतल्या नेटचा दर एमबीपीएसवर लावू नका

आमच्या गावच्या ग्रुपवर परत तोच वाद. डोंबिवलीच्या एका चाकरमान्याने लिहिलं, "आमच्याकडे पाच-सहाशेत शंभर एमबीपीएस मिळतं, तुम्ही तेवढेच पैसे घेऊन चाळीस देता. ही लूट नाही तर काय?" खाली अंगठेच अंगठे. (एमबीपीएस म्हणजे नेटच्या वेगाचं माप.)

आधीच सांगतो, आमच्या भागात हवेतून नेट देणारा जो छोटा धंदा आहे त्यात माझे थोडे पैसे अडकलेत आणि हिशोबाची वहीही माझ्याकडेच आहे. त्यामुळे मी काही तटस्थ माणूस नव्हे. पण लूट म्हणणाऱ्यांनी एकदा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, येऊन टॉवर बघावा.

डोंबिवलीत बिल्डिंगपर्यंत एक फायबर आणली की चाळीस गिऱ्हाइकं जागच्या जागी. आमच्याकडे चाळीस घरं चार वाड्यांत, मधे वहाळ म्हणजे ओढा, खाली जांभा दगड, आणि खांबांवरून ओढलेली केबल पहिल्या वाऱ्यात झाडाखाली. म्हणून सड्यावर टॉवर आणि घराच्या कौलांवर पाइप लावून डिश. सगळा कारभार ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर. २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना वापरायला मोकळा केला, म्हणून आमच्यासारख्यांना हे परवडतं तरी.

आता मुद्द्याचं. टॉवरच्या एका तोंडाला, म्हणजे एका दिशेच्या अँटेनाला, आमच्या चाळीस जोडण्या आहेत. यंत्राच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो, त्या तोंडातून प्रत्यक्षात एकशेवीस एमबीपीएसच्या आसपास निघतं. एचडी व्हिडिओला साधारण पाच एमबीपीएस लागतात. म्हणजे चोवीस टीव्ही एका वेळी लागले की संपलं. पंचविसाव्या घरात गोल फिरायला लागतं. मग पंचविसाव्याचा प्लॅन वीसचा आहे की शंभरचा, याने काडीचा फरक पडत नाही. नळपाणी योजनेत मोठी तोटी बसवली म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही, तसंच हे.

तरी सगळे स्पीडचेच प्लॅन विकतात. दहा, वीस, पन्नास, शंभर. गंमत अशी की दहावाला आणि पन्नासवाला संध्याकाळी तीच मालिका तेवढीच बघतात. पन्नासवाल्याचं डाउनलोड लवकर उरकतं इतकंच. महिन्याअखेर डेटा बघितला तर कधीकधी दहावाल्याच्या घरी जास्त, कारण तिथे पोरं जास्त. म्हणजे पैसे एका गोष्टीचे घ्यायचे आणि खर्च दुसऱ्याच गोष्टीवर.

खर्च कशावर होतो ते सांगतो. वरच्या वाडीत एक घर आहे, त्याच्या आणि टॉवरच्या बरोबर मधे फणस. उन्हाळ्यात चालतं. पावसाळ्यात पानं भिजली की सिग्नल असा काही पडतो की तोच व्हिडिओ पोचवायला टॉवरला पाच-सहापट वेळ द्यावा लागतो. टॉवर एका वेळी एकाशीच बोलतो. त्या घराशी घुटमळत बसला की बाकीच्या एकोणचाळीस घरांचा वेळ गेला. तक्रार मात्र त्या घरातून कमी आणि खालच्या वाडीतून जास्त यायची, आणि खालची वाडी म्हणायची आमची डिश बदला! शेवटी फणसवाल्यांच्या अंगणाच्या टोकाला जीआयचा उंच पाइप उभा केला, मोठी डिश लावली. मालक पैसे द्यायला तयार नव्हते, "माझं चालतंय ना" म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं. पाइप धंद्याच्या खर्चातून घातला आणि खालची वाडी गप्प झाली. एवढ्या पैशांत प्लॅनचा आकडा दुप्पट करून जाहिरात केली असती तर चार जोडण्या वाढल्या असत्या आणि संध्याकाळ आणखी बिघडली असती.

कायद्याकडे बघावं तर तिथून फार मदत नाही. ब्रॉडबँड म्हणायला २०१३ पासून किमान ५१२ केबीपीएस (साधारण अर्धा एमबीपीएस) लागायचे, २०२३ मध्ये ते २ एमबीपीएस झाले. दोन एमबीपीएसमध्ये पोरांचा ऑनलाइन क्लास आणि घरातला एक व्हिडिओ कॉल एकदम धड चालत नाही. जाहिरातीतल्या "अपटू", म्हणजे "इतक्यापर्यंत", या शब्दाच्या आड मग काहीही खपतं.

माझं म्हणणं असं, की हवेतल्या नेटला सगळ्यांना एकच स्पीड द्या, टॉवरला झेपेल तेवढा, आणि दर डेटावर लावा. ज्या घरात दोघं म्हातारी माणसं आहेत, मुलाशी व्हिडिओ कॉल आणि रात्री कीर्तन, त्यांना साडेतीनशेत दीडशे जीबी. ज्यांच्याकडे दिवसभर टीव्ही नेटवरच, त्यांना सहाशेत सहाशे. रात्री अकरा ते सकाळी सहा मोजायचंच नाही, तेव्हा टॉवर मोकळाच असतो, करा काय डाउनलोड करायचं ते. आणि पावतीवर छापा की रात्री नऊला किमान किती मिळेल. आठ एमबीपीएस म्हटलं तर आठ. नाही मिळालं तर बिलातून कापा.

"डेटाची मर्यादा म्हणजे मागे जाणं" असं लगेच कुणीतरी म्हणेल. जिओचं एअरफायबर, म्हणजे त्यांचं हवेतून घरी येणारं नेट, २०२३ च्या गणेश चतुर्थीला आलं तेव्हा ५९९ ला ३० एमबीपीएस आणि ८९९ ला १०० होतं, वर १८ टक्के जीएसटी. आणि महिन्याला १००० जीबीची मर्यादा होतीच. एवढ्या मोठ्या कंपनीला हवा मोजावी लागते, आम्ही तर सड्यावरचे.

चाकरमान्यांचा विषय वेगळाच आहे आणि मला जरा तिखट बोलायचंय. दहा महिने घर बंद, जोडणी बंद, बिल शून्य. गणपतीला दहा दिवस घरात पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि नेमकं तेव्हाच "नेट स्लो आहे". टॉवर आम्ही त्या दहा दिवसांच्या गर्दीसाठी मोठा करायचा आणि त्याचे पैसे वर्षभर राहणाऱ्या म्हातारीने भरायचे? बंद घराने महिन्याला शंभर रुपये द्यावेत, जोडणी जिवंत राहील. नाहीतर सणाचा वेगळा रिचार्ज, आणि तो महागच असणार. यावर माझा भागीदार माझ्याशी सहमत नाही, त्याला मे महिन्यात मुंबईकरांकडे जेवायला जायचं असतं.

पुढच्या महिन्यापासून वरच्या दोन वाड्यांत डेटावरचा दर लावून बघतोय. शिव्या द्यायच्या तर द्या, फक्त स्पीड टेस्ट रात्री नऊला केलेली टाका. पहाटे पाचची बघून आम्हालाही आनंद होतो, पण तिचा उपयोग नाही.