‘प्राइम९५मध्येच बग आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मशीनच्या बिघाडांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मशीनवर रोज चार-पाच तास गेम चालतात, कधी हँग नाही, कधी निळा स्क्रीन नाही. प्राइम९५ (अवघड गणितांचा भार टाकून मशीन तपासणारा प्रोग्राम) मात्र बाराव्या मिनिटाला एरर देतो आणि चार नंबरचा वर्कर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या गणितांपैकी एक, थांबवतो. म्हणजे दोष त्या सॉफ्टवेअरचा, आणि ‘रॅम बदलून बघा’ असं लिहून मी लोकांना खर्चात पाडतोय.

शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. निदान व्हायच्या आधी पार्ट बदलायला सांगणं चूकच होतं. पैसे साठवून मशीन जोडणाऱ्या मुलांसाठी रॅमची जोडी ही छोटी वस्तू नाही. ती ओळ मी आज लेखातून काढली.

पण दोष सॉफ्टवेअरचा, हे मात्र मला पटत नाही. तुम्ही पाठवलेला संदेशच बघा: राऊंडिंग ०.५ आलं, ०.४पेक्षा कमी अपेक्षित होतं. प्राइम९५ प्रचंड मोठ्या संख्यांचे गुणाकार करतो आणि ते एफएफटी (मोठे गुणाकार झटपट करायची गणिती पद्धत) वापरून, दशांश चिन्हाच्या आकड्यांत करतो. शेवटी प्रत्येक आकडा पूर्णांकाच्या अगदी जवळ यावा लागतो. ८१६.९८ आलं तर ते ८१७, यात शंका नाही. ८१६.५ आलं तर? ८१६ धरायचे की ८१७, कोणीच सांगू शकत नाही. पूर्णांकापासून याहून लांब जाताच येत नाही. म्हणजे कुठेतरी गणित चुकलं, आणि प्रोग्रामने ते तिथल्या तिथे पकडलं. शिवाय टॉर्चर टेस्टमधल्या, म्हणजे मशीनला ताण देणाऱ्या चाचणीतल्या, गणितांची उत्तरं त्याच्याकडे आधीपासून असतात. तीच गणितं दुसऱ्या मशीनवर बरोबर सुटतात, तुमच्याकडे सुटत नाहीत.

गेममध्ये हे का दिसत नाही? कारण तिथे उत्तर कोणी तपासत नाही. एखाद्या फ्रेममध्ये एक पिक्सेल चुकीच्या रंगाचा आला, तर तुम्हाला कळायच्या आत पुढची फ्रेम आलेली असते.

माझ्याकडे जे घडलं ते सांगतो. मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो कार्डवरून मशीनवर घेतले आणि कार्ड फॉरमॅट केलं. महिन्याभराने अल्बमसाठी फोटो उघडले. सप्तपदीच्या एका फोटोचा वरचा भाग स्वच्छ होता, आणि नवरीच्या कोपरापासून खाली नुसता करडा पट्टा. असे अकरा फोटो निघाले. कॉपी होताना विंडोजने एकही एरर दिली नव्हती. माझीही मशीन तेव्हा ‘एकदम स्टेबल’ होती, गेम छान चालत होते. रॅम एक्सएमपीवर (रॅम जास्त वेगाने चालवायचं तयार सेटिंग) ३६००ला होती. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ लावला तर पहिल्याच पासमध्ये चुकांच्या लाल ओळी आल्या. एक्सएमपी बंद करून २१३३वर आणली तर रात्रभर एकही नाही. पुढे ३२००वर तीच रॅम नीट चालली, बदलावी लागली नाही. ते अकरा फोटो मात्र गेले ते गेलेच. म्हणून या विषयावर मी एवढ्या पोटतिडकीने लिहितो.

प्राइम९५चा लोड कृत्रिम आहे, असंही तुम्ही म्हणता. खरं आहे, पण २०१६च्या जानेवारीत याच कृत्रिम लोडमुळे इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष उघडा पडला. ठरावीक आकाराची गणितं चालू असताना मशीन गोठायची. इंटेलने दोष मान्य केला आणि दुरुस्ती बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) अपडेटमधून आली. उलटा प्रकार २०२४मध्ये झाला. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या मशीनवर गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडत. लोक ग्राफिक्स कार्डाच्या आणि ड्रायव्हरच्या मागे लागले, आणि बिघाड निघाला प्रोसेसरमध्ये. संदेशात ज्याचं नाव येतं तोच गुन्हेगार असतो असं नाही.

सॉफ्टवेअर कधीच दोषी नसतं, असं मी म्हणत नाही. प्राइम९५ची खिडकी काही न सांगता नाहीशी झाली, तर जुनी आवृत्ती, अँटिव्हायरस, एखादं मॉनिटरिंग टूल, सगळ्यांवर संशय घ्यायला हवा. तुमच्याकडे तसं झालेलं नाही. तुमच्याकडे उत्तर चुकलंय.

आता तुमची सेटिंग: रॅम एक्सएमपी ३६००, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरच्या कोअरचं, म्हणजे त्यातल्या एकेका गणन-भागाचं, व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) सगळ्या कोअरना उणे ३०. माझा पहिला संशय या उणे ३०वर आहे. तेवढं कमी व्होल्टेज प्रत्येक कोअरला झेपतंच असं नाही. एकाच चिपमध्ये एखादा कोअर सशक्त असतो, एखादा अशक्त. तरी अंदाजावर जाऊ नका. आधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग बायॉसमध्ये दोन्ही सेटिंग मूळ पदावर आणा आणि प्राइम९५ची ताजी आवृत्ती घेऊन त्यातली स्मॉल एफएफटी ही चाचणी तासभर चालवा. याचा डेटा प्रोसेसरच्या कॅशमध्येच मावतो, त्यामुळे रॅमचा संबंध जवळजवळ राहत नाही. तापमानावर नजर असू द्या. यात पास झाली की फक्त एक्सएमपी चालू करून रॅमवरही ताण देणारी लार्ज एफएफटी चाचणी आणि रात्रभर मेमटेस्ट. तेही पार पडलं तर शेवटी कर्व्ह ऑप्टिमायझर. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मूळ सेटिंगवरही एरर आली तरच वॉरंटीचा विचार करायचा.

विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअरही उघडा. मशीन अचानक रीस्टार्ट झाली की कर्नल-पॉवर ४१ हा इव्हेंट दिसतो आणि लोक पॉवर सप्लाय बदलायला धावतात. तो इव्हेंट फक्त एवढंच सांगतो की मशीन नीट बंद झाली नव्हती. शोधायचा तो हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा डब्ल्यूएचईए-लॉगर, इव्हेंट १८ किंवा १९. असला तर त्यात एपीआयसी आयडी असतो, त्यावरून कोअर सापडतो. नसला तर कोअरसायकलर ही स्क्रिप्ट लावा, ती प्राइम९५ एकेका कोअरवर आळीपाळीने चालवते.

जो कोअर पडेल त्याचा नंबर इथे लिहा. दरवेळी तोच असेल तर बाकीचे उणे ३०वर ठेवून फक्त त्याला उणे १५वर आणून बघू. तेवढ्याने भागलं तर एक रुपयाही खर्च होणार नाही.