मराठीतून शिकवल्यामुळे गोंधळ होतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इंग्रजीतल्या गोंधळ घालणाऱ्या शब्दजोड्यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार मुद्दे आहेत, पण मला लागलं ते एक वाक्य: "मुलं ही गल्लत करतात ती तुमच्यासारख्यांनी इंग्रजी मराठीतून शिकवल्यामुळेच." त्यातला "तुमच्यासारख्यांनी" हा शब्द आणि पुढचं "नुसत्या पाट्या टाकणं" नसतं, तर दोन ओळींत भागलं असतं. मतभेद जरूर असावा. पण ज्याचा वर्ग तुम्ही पाहिलेला नाही, त्याच्या कामाला असं बोलायचा अधिकार कुणी दिला? गोव्यातल्या बार्देशात पंचवीस वर्षं पाचवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो आहे. पाट्या टाकणारा माणूस "सिन्स" आणि "फॉर" यांच्यासाठी एवढी वर्षं डोकं फोडत बसत नाही.

तुमचं एक म्हणणं मान्य. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी "फ्यूअर"च्या जागी "लेस" लिहिणं ही घोडचूक, असं मी म्हटलं होतं. तो शब्द जास्त झाला. इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी १७७० साली हा भेद सुचवला तो आपली पसंती म्हणून. त्याआधी मोजता येणाऱ्या वस्तूंनाही "लेस" सर्रास लावत. लेखात आता "परीक्षेत टाळावं" अशी दुरुस्ती केली आहे.

आता त्या वाक्याकडे येतो. गोव्यात बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोकणी, आणि पाचवीला बहुतेक मुलांचं माध्यम एकदम इंग्रजी होतं. सत्तरी तालुक्यातली दहा वर्षांची मुलगी त्या दिवशी मराठी विसरून वर्गात येत नाही. वाक्य तिच्या मनात मराठीतच जुळतं आणि मग इंग्रजी होऊन वहीत उतरतं. शिक्षक वर्गात मराठीचं अक्षरही बोलला नाही तरी हे थांबत नाही.

कदंबा बसच्या स्टँडवर आपण म्हणतो, "सकाळपासून उभा आहे" आणि "दोन तासांपासून उभा आहे". आपलं "पासून" सुरुवातीच्या क्षणालाही लागतं आणि गेलेल्या वेळेलाही. इंग्रजी इथे वाट फोडते: क्षणाला "सिन्स", लांबीला "फॉर". म्हणून मुलं "सिन्स टू अवर्स" लिहितात. मी त्यांना मराठीतच विचारतो, घड्याळावर किंवा कॅलेंडरवर एका जागी बोट ठेवता येतं का? सकाळ, सोमवार, २०१९ यांवर येतं, तिथे "सिन्स". दोन तास, तीन वर्षं यांवर येत नाही, ती मोजावी लागतात, तिथे "फॉर". फसतात ती "लास्ट टू इयर्स"पाशी. "लास्ट" दिसला की मुलाला तारीख दिसल्यासारखं वाटतं आणि हात "सिन्स"कडे जातो. पण "टू इयर्स" ही लांबीच आहे, म्हणून "फॉर द लास्ट टू इयर्स". "लास्ट मंडे"वर मात्र बोट ठेवता येतं, तिथे "सिन्स"च.

याच वाक्यात दुसरी अडचण असते आणि ती जास्त चिवट आहे. आपण "उभा आहे" असा वर्तमानकाळ वापरतो, म्हणून मूल "आय अ‍ॅम स्टँडिंग" लिहितं. शब्द दुरुस्त झाला तरी वाक्य चुकलेलंच राहतं, कारण इथे "आय हॅव बीन स्टँडिंग" हवं. मी आधी "सिन्स-फॉर" पक्कं करतो, आठवड्याने काळ घेतो. दोन्ही एकदम दिली की दोन्ही सुटतात.

"बॉरो" आणि "लेंड"चंही मूळ तेच. आपल्याकडे शब्द एकच, "उसना". दिशा सांगतात ती "देणं" आणि "घेणं" ही क्रियापदं. इंग्रजीत दिशा शब्दातच आहे. म्हणून पावसात मूल शेजाऱ्याला म्हणतं, "बॉरो मी युवर अम्ब्रेला". यावर एक तपासणी: त्या जागी "गिव्ह" घालून बघा. "गिव्ह मी" बसतं, मग "लेंड मी". "कॅन आय टेक" बसतं, मग "कॅन आय बॉरो". पुढचा शब्दही साक्ष देतो, "बॉरो फ्रॉम", "लेंड टू". इथे मराठी बाजूला ठेवून काय समजावणार होतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

"पुस्तकं वाचायला द्या, आपोआप जमेल" हेही तुमचं म्हणणं. द्याच. पण वाचताना अर्थ कळला की डोळा पुढे सरकतो. तिथे "फॉर" होतं की "सिन्स", हे कुणी विचारल्याशिवाय बघितलं जात नाही. बाकी मुद्द्यांवर इथे वेळ घालवत नाही.

तुमचा पुतण्या "किल्ली हरवू नको" या वाक्यातल्या "लूझ"मध्ये दोन "ओ" घालतो, असं तुम्ही लिहिलंत, तेही माझ्याच माथी मारून. त्याचं कारण सांगतो. "सैल" या अर्थाच्या शब्दाचा उच्चार "लूस", शेवटी स. "हरवणे" या अर्थाच्या शब्दाचा "लूझ". आपण शर्टालाही आणि किल्लीलाही "लूज"च म्हणतो, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. त्यात "निवडणे"साठीचा "चूझ" दोन "ओ"चा, शेवटी झ. मूल त्याच्याच चालीवर "लूझ"ला दुसरा "ओ" जोडतं. त्याला आठवडाभर शर्टाला "लूस" म्हणायला लावा, "गूस" आणि "लूस" मोठ्याने एकापाठोपाठ. स ऐकू आला तर दोन "ओ", झ आला तर एक, आणि "चूझ" हा अपवाद म्हणून वहीच्या पहिल्या पानावर. मग त्याला किल्लीचं वाक्य पुन्हा लिहायला सांगा.