पंचवीस वॅट, चोचले आणि ‘जुना कारागीर’ यांची प्रतिक्रिया

नमस्कार.

घरच्या दुरुस्तीसाठी पहिलं सोल्डरिंग आयर्न (सर्किट बोर्डावरचे भाग वितळलेल्या धातूने, म्हणजे सोल्डरने, जोडायचं तापतं हत्यार) कोणतं घ्यावं, या माझ्या लेखावर तुम्ही ‘जुना कारागीर’ या नावाने लिहिलंत. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की नवशिक्याला टेंपरेचर कंट्रोलवालं स्टेशन (टोकाचं तापमान ठरवून देणारा डबा आणि त्याला जोडलेलं आयर्न) घ्यायला सांगून मी त्याला खर्चात पाडतोय. हात बसलेला असेल तर २५ वॅटचं साधं आयर्न जन्मभर पुरतं, टेंपरेचर कंट्रोल म्हणजे आजकालच्या पोरांचे चोचले. फ्लक्सवर (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावतात तो पदार्थ) लेखात ओळ नाही, टी-१२ जातीच्या नकली बिटांबद्दल (बिट म्हणजे आयर्नचं तापणारं टोक) मी गप्प. आणि शेवटी, ‘यूट्यूब बघून लेख पाडणाऱ्यांनी आधी बोटं भाजून घ्यावीत’.

बोटांपासूनच सुरुवात करतो. माझ्या शाळेच्या सुट्ट्या सांगलीत मामाच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. तिथे मला पहिल्यांदा हातात मिळाली ती कानस. तेव्हाची बिटं साध्या तांब्याची. वितळलेल्या सोल्डरमध्ये तांबं हळूहळू विरघळतं, टोकाला खळगा पडतो. मग बिट काढायचं, घासून चपटं करायचं, परत बसवून तापवायचं, रोझिनमध्ये, म्हणजे राळेत, चुर्र करून टिनिंग करायचं, म्हणजे टोकावर सोल्डरचा पातळ थर चढवायचा. पुढची पायरी म्हणजे टपली मारली की चालू होणारे टीव्ही. बोर्ड उलटा करून भिंगातून ईएचटीचे (पिक्चर ट्यूबला जबर व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे) पाय बघायचे. जाडजूड पाय, त्यावर सोल्डरचा चकचकीत डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी केसाएवढं काळं वर्तुळ. ड्राय सोल्डर, म्हणजे वरून धड दिसणारा पण सुटलेला जोड. ते वर्तुळ ओळखायला मामाने शिकवलं तेव्हा यूट्यूब जन्माला यायचं होतं, साहेब. बोटं दाखवायला तुमच्याकडे येऊ का?

असो. आता ‘चोचले’.

हा एक शब्द सगळ्या गैरसमजाचं मूळ आहे म्हणून त्यावर सविस्तर लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल. साध्या आयर्नच्या पोटात असते फक्त नायक्रोमची तार. बिट किती तापलंय हे तिला कळत नाही. स्टँडवर पडून राहिलं की ते साडेतीनशेच्या वर सहज जातं, टोक काळं पडतं आणि सोल्डर त्याला चिकटेनासं होतं. ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं. आजच्या बऱ्याच बोर्डांवरचं शिसंविरहित सोल्डर २१७ च्या पुढे. म्हणजे उष्णता कमी पडते असं नाही, नको तेव्हा जास्त असते.

आणि हवी तेव्हा नसते. सेट टॉप बॉक्सचा फुगलेला कपॅसिटर काढून बघा. पॉझिटिव्हचा पाय चटकन सुटतो. निगेटिव्हचा पाय ग्राउंडच्या रुंद तांब्याला जोडलेला, ते तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. २५ वॅटचं बिट टेकवलं की तिथेच थंड पडतं. मग माणूस काय करतो? दाबतो, हलवतो, तसाच धरून ठेवतो. पॅडखालचा (पाय जोडलेल्या तांब्याच्या ठिपक्याखालचा) गोंद भाजतो आणि पॅड ट्रॅकसकट, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेसकट, वर येतं. ६०-७० वॅटचं स्टेशन ३३० वर ठेवून चपटं बिट टेकवलं, तर बिट थंड होऊ लागताच सेन्सर हीटरला ताकद लावायला सांगतो आणि दोन-तीन सेकंदांत काम होतं. जास्त वॅट म्हणजे बोर्ड जाळणं नव्हे, उलट बोर्डाला कमी वेळ चटका. हात कितीही बसलेला असो, बिटात नसलेली उष्णता हातातून कशी येणार?

शिवाय २५ वॅट हे २३० व्होल्टला. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं की तेच आयर्न जेमतेम १५ वॅटचं उरतं, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने घटते. मामाच्या दुकानातली अवघड कामं सकाळी व्हायची ती याचमुळे.

राहता राहिली ‘आजकालची पोरं’. वेलर कंपनीचं, कित्येक दशकांपूर्वीचं मॅग्नास्टॅट आयर्न ऐकलंय का? टेंपरेचर कंट्रोल त्यातही होता. बिटाच्या मागे चुंबकीय धातूची टिकली. ठरावीक तापमानाला तिचं चुंबकत्व जातं, आतला स्विच सुटतो. थंड झाली की टिक्‌ करून परत ओढला जातो. बिटावर ७ आकडा असेल तर ७०० फॅरनहाइट, म्हणजे ३७० सेल्सिअस. ही पोरं आता आजोबा असतील.

फ्लक्सचं मान्य. दोन ओळी हव्या होत्या, टाकल्या आहेत: रोझिनचाच वापरा, पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट बोर्डाला लावू नका. पण लेख आयर्न निवडण्याचा होता, हेही तुम्ही मान्य करायला हरकत नव्हती. नकली बिटांवर नंतर कधीतरी. खर्चाचं म्हणाल तर सोल्ड्रॉन कंपनीच्या २५ वॅटच्या आयर्नला मी कुठेही वाईट म्हटलेलं नाही. वायरी जोडायला, खेळण्याचा मोटर-स्विच बदलायला उत्तम आहे, माझ्याकडेही आहे. पण महिन्यातून दोन बोर्ड उघडणाऱ्याने पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन तीन पिनांचं, अर्थिंग असलेलं साधं स्टेशन आणि एक चपटं बिट घ्यावं, हे मत कायम आहे. दोन पिनांचं जुनं आयर्न वापरत असाल तर तापलेल्या बिटाला एकदा टेस्टर लावून पाहा. मिणमिणला तर मॉसफेटजवळ (अशा गळक्या करंटने मरू शकणारा नाजूक ट्रान्झिस्टर) नेऊ नका.

तुमच्या प्रतिक्रियेतला ‘लेख पाडणाऱ्यांनी’ हा शब्द काढून टाकावा असं दोघांनी सुचवलं. मी काढलेला नाही. पुढच्या वेळी मात्र कोणता बोर्ड, कोणतं बिट, किती वेळ धरलं, तेवढं लिहा. त्यावर बोलायला मला आवडेल.