गाठीचा तुकडा आधी, गोळ्या नंतर

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या ग्रुपवर, मग भिशीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून आला. "मानेत, काखेत गाठ म्हणजे गंडमाळा, म्हणजे टीबीच. एक्स-रेत सावली दिसली की सहा महिन्यांचा कोर्स घ्या. गाठीला सुई लावू देऊ नका, पसरते. रक्ताच्या एका तपासणीत सगळं कळतं. टीबी नसेल तर कॅन्सर. बाकीची इंग्रजी नावं डॉक्टरांनी पैशासाठी काढलीत." खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

मी चौदा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गाठींचे तुकडे रोज माझ्या हाताखालून जातात. आणि आमच्या वहिनींनी याच समजुतीपायी पाच महिने भलतीच औषधं खाल्ली. म्हणून या मेसेजचं एकेक वाक्य घेते.

"गाठ म्हणजे टीबीच." आपल्याकडे मानेतल्या गाठींचं मोठं कारण टीबी आहे, हे खरंच. विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, एका खोलीत सहा-सहा माणसं. सोलापुरात डॉक्टरांच्या मनात टीबी आधी यायलाच हवा. चूक आहे ती 'च' मध्ये. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, त्याच या रसग्रंथी, आणि त्या सुजायला कारणं पुष्कळ असतात. त्यातलंच एक सारकॉइडोसिस. यात कुठलाही जंतू सापडत नाही. शरीराच्या संरक्षक पेशीच घोळका करून बसतात आणि त्यांच्या बारीक गुठळ्या होतात. बहुतेक वेळा छातीतल्या गाठींत आणि फुप्फुसांत, कधी मानेत, त्वचेवर, डोळ्यांत, तर कधी हृदयातही. कोरडा खोकला, कणकण, थकवा, वजन उतरणं ही सगळी लक्षणं टीबीसारखीच.

वहिनींच्या एक्स-रेत फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गाठी होत्या. थुंकीत जंतू नव्हते, तरी "घेऊन बघा" म्हणून कोर्स सुरू झाला. लघवी केशरी व्हायला लागली, भाकरीच्या वासानंसुद्धा मळमळायचं, खोकला मात्र तसाच. पाचव्या महिन्यात डोळा लाल झाला, उजेड सोसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा लावून आत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "छातीचा सीटी काढलाय का?" मला तेव्हा लाज वाटली. रोज लोकांच्या गाठी बघणारी मी, घरच्या माणसाच्या गाठीचा तुकडा घेतला का, एवढं विचारलं नव्हतं.

"सुई लावली की पसरते." या भीतीचं मूळ मला ठाऊक आहे. टीबीच्या पू झालेल्या गाठीला नुसती चीर दिली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते. जुन्या माणसांनी ते पाहिलंय. पण सुईनं नमुना घेणं किंवा अख्खी गाठ नीट काढणं म्हणजे ती चीर नव्हे. आणि नमुन्याशिवाय निदानाला आधार कसला? वहिनींचा नमुना पुण्यात घेतला. श्वासनळीत दुर्बीण घालून, सोनोग्राफीवर बघत, छातीतल्या गाठीला आतूनच सुई लावली.

इथे एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी. नमुना दोन बाटल्यांत जायला हवा. एकीत फॉर्मॅलिन, म्हणजे पेशी जशाच्या तशा राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. पण फॉर्मॅलिननं जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. म्हणून दुसऱ्या बाटलीत साधं निर्जंतुक सलाइन. आमच्याकडे कितीतरी नमुने फॉर्मॅलिनच्या एकाच बाटलीतून येतात. तेव्हा मला फार हळहळ वाटते, कारण तो तुकडा पुन्हा मिळणार नसतो.

स्लाइडवर टीबीच्या गुठळीच्या मध्यभागी बहुधा पनीरासारखा मेलेला चुरा दिसतो. सारकॉइडोसिसची गुठळी घट्ट, आखीव, चुऱ्याशिवाय. तरी नुसत्या स्लाइडवर निकाल देत नाहीत. सलाइनमधल्या नमुन्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, दोनेक तासांत होते, कल्चरला सहा-सात आठवडे लागू शकतात. लक्षणं जुळली, स्लाइड जुळली आणि टीबीसारखी दुसरी कारणं शोधूनही सापडली नाहीत, तरच हे नाव घ्यायचं. एवढी काळजी अशासाठी की सारकॉइडोसिसचं मुख्य औषध स्टेरॉइड आहे, आणि लपलेल्या टीबीवर नुसतं स्टेरॉइड दिलं तर टीबी उफाळतो.

"रक्ताच्या एका तपासणीत कळतं." नाही कळत. एसीई नावाची तपासणी करतात, पण ती सारकॉइडोसिस असूनही नॉर्मल येऊ शकते आणि टीबीतही वाढू शकते. बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर आकडा खाली येतो. रक्तातलं कॅल्शियम मात्र जरूर बघावं. या आजारात गुठळ्यांमधल्या पेशी स्वतःच व्हिटॅमिन डी कार्यरत करतात, त्यामुळे कॅल्शियम चढू शकतं. थकवा येतो म्हणून वहिनी दर आठवड्याला साठ हजार युनिटचं व्हिटॅमिन डीचं पाकीट दुधातून घेत होत्या. ते आधी बंद करावं लागलं.

"टीबी नसेल तर कॅन्सर." काही गाठी लिम्फोमाच्या, म्हणजे रसग्रंथींच्या कॅन्सरच्या, निघतात, म्हणून तर तुकडा हवा. पण किकुची नावाच्या आजारातही मान सुजते, ताप येतो, आणि बहुतेकांचा तो काही महिन्यांत आपोआप जातो. सारकॉइडोसिसही बऱ्याच जणांत औषधाशिवाय ओसरतो. टीबी नाही म्हटल्यावर कॅन्सर समजून घरात सुतक पाळायचं कारण नाही.

"पैशासाठी काढलेली नावं." लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी सारकॉइडोसिसचे त्वचेवरचे चट्टे १८७७ मध्ये नोंदवले. रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू दाखवला १८८२ मध्ये. नॉर्वेच्या सीझर बेक यांनी १८९९ मध्ये दिलेल्या वर्णनातून पुढे हे नाव रूढ झालं.

वहिनींना सारकॉइडोसिसच निघाला. त्यांचं स्टेरॉइड आता हळूहळू उतरवत आणलंय, डोळाही निवळला. पण ज्यांची टीबीची औषधं चालू आहेत त्यांनी हे वाचून एकही गोळी स्वतःच्या मनानं सोडू नये. फाइल घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि विचारावं: माझ्या गाठीचा नमुना घेतला होता का, आणि तो कोणत्या बाटलीत गेला?