रेट्रो शुक्रवारी साडेपाचलाच ठेवा

सॉफ्टवेअर टीम स्क्रम या पद्धतीनं चालते ना ते बघणारे, म्हणजे स्क्रम मास्टर, झालात? अभिनंदन! दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट लिंक्डइनवर टाकून झालं असेल, तर आता कामाला लागू.

२००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेत, युटातल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवत, सुधारत नेण्याचा, जाहीरनामा लिहिला. स्क्रम हा त्यातलाच प्रकार. मूल्यं चार, तत्त्वं बारा. बारावं तत्त्व सांगतं की टीमनं ठरावीक अंतरानं थांबावं, आपलं कुठे चुकतंय ते बघावं आणि वागणं बदलावं. त्यासाठीची बैठक म्हणजे रेट्रो. हे तत्त्व शेवटी आहे हे आपलं नशीब, तिथवर वाचतो कोण!

रोजचा स्टँडअप, म्हणजे उभ्या उभ्या घ्यायची छोटी बैठक, पंधरा मिनिटांचा, आणि डेव्हलपरांनी आपसात दिवस आखावा म्हणून असतो. असू दे. तुम्ही हजेरी घ्या. ‘काल लॉगिनचंच बघत होतो, आजही तेच, ब्लॉकर नाही.’ झालं, पुढचा! कुणी ब्लॉकर, म्हणजे काम अडवणारी गोष्ट, काढलाच, तर ‘ऑफलाइन बघू’, म्हणजे बैठकीनंतर, असं म्हणा. ऑफलाइन गेलेलं काही परत येत नाही, आमच्या टीमचा अनुभव आहे.

स्टोरी पॉइंट, म्हणजे टीम प्रत्येक कामाला लावते ते आकडे, कामाचा आवाका सांगतात, तास नाही, असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि विचारा, ‘बरोबर, पण पाच पॉइंट म्हणजे किती तास?’

खरं कसब रेट्रोत. वेळ शुक्रवार, साडेपाच. हिंजवडीहून बस सहाला सुटते, त्यामुळे सगळ्यांच्या बॅगा मांडीवर असतात. ‘काय चांगलं झालं?’ या रकान्यात ‘टीमवर्क’ अशा चार चिठ्ठ्या येतील. येऊ द्या. ‘काय सुधारायचं?’ खाली ‘चाचणीचा स्टेजिंग सर्व्हर दुपारी बंद पडतो’ ही चिठ्ठी दर पंधरा दिवसांनी येते. ती नव्याने लिहायला लावू नका, मागच्या बोर्डावरून कॉपी करा. वेळ वाचवणं हेही अजाइलच.

एखादा नवा मुलगा विचारेल, ‘सर, मागच्या रेट्रोत ठरलं होतं त्याचं काय झालं?’ चिडू नका. ‘छान पॉइंट!’ म्हणा आणि तो सर्व्हर त्याच्याच नावावर टाका. तिकीट जिरात, म्हणजे कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बनवा, प्लॅनिंगला त्या तिकिटाला १३ पॉइंट लावा आणि ‘फार मोठं आहे, या स्प्रिंटला बसत नाही’ म्हणून कामाच्या पुढच्या पंधरवड्यावर ढकला. पुढच्या रेट्रोत तो मुलगाही ‘टीमवर्क’ लिहील, आणि पाच चिठ्ठ्या होतील.